कॉलेज बदलून साताऱ्या-सांगलीत यायचंय? आधी हे वाचा, मग दाखला काढा

घरी कुणी आजारी पडतं, पुण्यातला खर्च झेपेनासा होतो, घेतलेली शाखा वर्षभरात नकोशी होते, वडिलांची बदली होते. दर उन्हाळ्यात अशी बरीच मुलं-मुली बाहेरचं कॉलेज सोडून सातारा, कराड, सांगली, इस्लामपूर भागात परत येतात किंवा इथल्या इथे कॉलेज बदलतात. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची माहिती कुठेही मिळते. मधूनच दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला येणाऱ्याला मात्र कुणी नीट सांगत नाही. 'ये की, होऊन जाईल' असं सगळे म्हणतात. मग ऑगस्ट उजाडतो, जुनं कॉलेज सुटलेलं असतं आणि नव्याची खिडकी बंद झालेली असते.

म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की करा. नव्या कॉलेजचा लेखी होकार हातात आल्याशिवाय जुन्या कॉलेजातून दाखला काढायचा नाही आणि मायग्रेशनचा, म्हणजे विद्यापीठ बदलताना लागणाऱ्या स्थलांतर प्रमाणपत्राचा, अर्जही करायचा नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाभोवती लावल्या आहेत.

पहिली पायरी: आपण का बदलतोय ते लिहून काढा

चार ओळी पुरेत, पण लिहाच. कारण पैशाचं असेल तर शोध अनुदानित तुकडीचा आणि घराजवळच्या कॉलेजचा. कारण शाखेचं असेल तर आधी आहे त्याच कॉलेजात शाखा बदलून मिळते का ते विचारा. ते बहुतेक वेळा कॉलेज बदलण्यापेक्षा सोपं पडतं. मन लागत नाही एवढंच कारण असेल, तर दुसरं सत्र संपेपर्यंत थांबा. सत्राच्या मध्यात बदली जवळपास कुठेच होत नाही. वर्षाच्या सुरुवातीला, भाग २ ला म्हणजे दुसऱ्या वर्षाला जाताना होते. भाग ३ ला जाताना अवघड होते, कारण शेवटच्या वर्षी बाहेरचा विद्यार्थी घेऊन त्याला आपली पदवी द्यायला विद्यापीठं सहसा राजी नसतात.

दुसरी पायरी: कॉलेज कोणत्या विद्यापीठाखाली आहे ते बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे 'इथली सगळी कॉलेजं शिवाजीचीच' असा समज पक्का बसलेला आहे. तो आता पुरेसा खरा नाही. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे वेगळं समूह विद्यापीठ आहे. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही रयत शिक्षण संस्थेची तीन जुनी कॉलेजं त्यात आली. आता कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज घ्या. तेही रयतचंच, पण शिवाजी विद्यापीठाकडे. म्हणजे कराडच्या रयत कॉलेजातून साताऱ्याच्या रयत कॉलेजात जाणारा मुलगा संस्था बदलत नसला तरी विद्यापीठ बदलतो. त्याला पात्रता (नव्या विद्यापीठात प्रवेशाला पात्र असल्याचं) आणि स्थलांतर अशी दोन्ही प्रमाणपत्रं लागणार. 'संस्था एकच आहे, आतल्या आत होईल' असं कुणी म्हणालं तर त्याच्या भरवशावर राहू नका.

भारती विद्यापीठाचंही तसंच. त्या नावाचं अभिमत, म्हणजे स्वतःच पदवी देणारं, विद्यापीठ आहे आणि सांगलीतलं त्यांचं मेडिकल कॉलेज त्याच्या अखत्यारीत येतं. पण त्याच संस्थेचं सांगलीतलं डॉ. पतंगराव कदम महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे. पाटीवर संस्थेचं नाव मोठं असतं, आपल्याला हवी असते खालची बारीक ओळ. कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ हेही अभिमत, म्हणजे तिथे प्रवेशाचे आणि परीक्षांचे नियम त्यांचे स्वतःचे.

इंजिनिअरिंगमध्ये आणखी एक फाटा आहे. सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही स्वायत्त कॉलेजं आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवीवर नाव शिवाजी विद्यापीठाचं. या भागातल्या काही इंजिनिअरिंग कॉलेजांनी मात्र लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता घेतलेली आहे. दोन कॉलेजं पाच किलोमीटरवर असतील, तरी त्यांच्या विषयांची यादी एकमेकांशी जुळेलच असं नाही.

तर करायचं काय? वहीत तीन रकाने आखा: कॉलेजचं नाव, पदवी कोणत्या विद्यापीठाची, स्वायत्त की संलग्न. प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात फोन करून एवढंच विचारा, 'या वर्षी भाग २ ला प्रवेश घेणाऱ्याच्या पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार?' उत्तर आलं की रकाना भरा. तुमचं सध्याचं विद्यापीठ आणि नवं विद्यापीठ एकच असेल तर काम निम्मं हलकं झालं. मायग्रेशन लागत नाही, कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन तोच राहतो, विषय बऱ्यापैकी जुळतात. दोन चांगल्या कॉलेजांत तोल सारखा असेल तर मी नेहमी त्याच विद्यापीठातलं कॉलेज निवडायला सांगतो. नाव थोडं कमी ऐकलेलं असलं तरी चालेल, वर्ष वाया जात नाही.

तिसरी पायरी: तुमचं काय काय मोजलं जाणार, हे लेखी घ्या

नवीन शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. आता पदवीचा सगळा हिशेब क्रेडिटमध्ये, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवलेल्या श्रेयांकांमध्ये असतो. वर्षाला साधारण ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. हे क्रेडिट 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये तुमच्या खात्यावर जमा होतात. ही सोय जुलै २०२१ मध्ये सुरू झाली आणि खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं.

खात्यावर क्रेडिट आहेत म्हणजे नवं कॉलेज ते सगळे घेईल, असं नाही. बँक फक्त नोंद ठेवते. तुमचा जुना विषय आपल्या कोणत्या विषयाच्या तोडीचा धरायचा, हे नवं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेजची समिती ठरवते. यालाच समकक्षता म्हणतात आणि अडकायचं ठिकाण हेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोरेगावची एक मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पास झाली. तिला साताऱ्यात येऊन रसायनशास्त्र मेजर (मुख्य) आणि इलेक्ट्रॉनिक्स मायनर (दुय्यम) ठेवायचंय. रसायनशास्त्र कुठेही मिळेल. पण ज्या कॉलेजात ती जातेय तिथे इलेक्ट्रॉनिक्सला रसायनशास्त्राची जोडच नसेल, तर तिला वनस्पतिशास्त्र मायनर घ्यावं लागेल. शिवाय पुण्यात तिने केलेला कौशल्याचा दोन क्रेडिटचा विषय इथल्या यादीत नसेल, तर इथला तसा विषय वेगळा करावा लागेल. यातलं काहीच भयंकर नाही. पण हे जूनमध्ये कळलं तर निवड करता येते, डिसेंबरमध्ये परीक्षा फॉर्म भरताना कळलं तर फक्त निस्तरावं लागतं.

म्हणून एक साधा तक्ता करा. डावीकडे तुमचे पास झालेले सगळे विषय, त्यांचे क्रेडिट आणि लेखी की प्रात्यक्षिक. उजवीकडे नव्या कॉलेजच्या भाग १ चे विषय. शेजारी दोन्हीकडच्या अभ्यासक्रमाच्या छापील प्रती जोडा. जुन्या कॉलेजच्या विभागप्रमुखांचा शिक्का त्या प्रतींवर घेतलात तर फार बरं. हा तक्ता घेऊन आधी ऑफिसात जाऊ नका, त्या विषयाच्या विभागात जा. विभागप्रमुख सर किंवा मॅडम दहा मिनिटांत सांगतात की काय बसतंय, काय नाही. ऑफिस नंतर त्यांच्याच सहीवर चालतं.

मग अर्ज द्यायचा. तो असा लिहा:

'मा. प्राचार्य यांस, विषय : बी.एस्सी. भाग २ मध्ये अन्य विद्यापीठातून प्रवेश मिळणेबाबत. महोदय, मी अमुक विद्यापीठाची बी.एस्सी. प्रथम वर्षाची परीक्षा सर्व विषयांत उत्तीर्ण झाले असून कौटुंबिक कारणास्तव आपल्या महाविद्यालयात पुढील शिक्षण घेऊ इच्छिते. सोबत गुणपत्रके, अभ्यासक्रम व विषयांचा तक्ता जोडला आहे. तरी समकक्षता तपासून, जागा उपलब्ध असल्यास दाखला सादर करण्याच्या अटीवर प्रवेश देण्यात येईल, असे लेखी कळवावे ही विनंती.'

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं धरा.

त्या अर्जातले 'दाखला सादर करण्याच्या अटीवर' हे शब्द सोडू नका. नवं कॉलेज म्हणतं आधी दाखला आणा, जुनं म्हणतं आधी प्रवेश रद्द करा, आणि मूल मध्ये लोंबकळतं. अटीवरचं हे पत्र हाती असलं की जुनं कॉलेज ना हरकत देतं, आणि तुम्ही कुठल्याही क्षणी एका कॉलेजात तरी असता.

नापास विषय असेल तर तो लपवू नका. एकाच विद्यापीठात बॅक घेऊनही कधी कधी बदली होते, विद्यापीठ बदलताना जवळपास सगळीकडे आधीचं वर्ष पूर्ण पास लागतं. पुरवणी परीक्षेचा निकाल कधी लागेल याचा अंदाज घेऊन मगच तारखा ठरवा.

चौथी पायरी: जागा आहे का आणि ती कोणत्या तुकडीत

एकाच कॉलेजात, एकाच विषयाला अनुदानित तुकडी असते आणि विनाअनुदानितही. वर्ग शेजारी-शेजारी, शिकवणारे बहुधा तेच, फीमध्ये मात्र मोठा फरक. दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याला अनेकदा विनाअनुदानित तुकडीतली जागा मिळते, कारण तिथेच गळती झालेली असते. 'जागा आहे' असं उत्तर मिळाल्यावर थांबू नका. कोणत्या तुकडीत, पूर्ण वर्षाची फी किती, परीक्षा फी आणि पात्रता फी त्यात धरली आहे का, हे विचारा आणि फीचा छापील तक्ता मागा.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी वेगळं

इंजिनिअरिंगची बदली मंजूर प्रवेशक्षमतेतल्या रिकाम्या जागेवरच होते. साधारणपणे ती दुसऱ्या वर्षाला, त्याच शाखेत आणि दोन्ही कॉलेजांच्या ना हरकतीवर होते. वालचंद किंवा कराडच्या शासकीय कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी राहते ती फार थोडी, आणि ती गुणांवर जाते. अर्ज जरूर करा, पण तेवढ्यावर विसंबून आपलं कॉलेज सोडू नका. डिप्लोमा झालेल्यांचा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतो. तो वेगळा रस्ता आहे, त्याची आणि बदलीची गल्लत करू नका.

शुल्कमाफी योजनेतून, म्हणजे टीएफडब्ल्यूएस जागेवर प्रवेश असेल, तर त्या योजनेच्या अटींनुसार कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. हे अनेक पालकांना माहीतच नसतं. त्या जागेची किंमत चार वर्षांच्या शिक्षण शुल्काएवढी आहे, ती सोडण्याआधी घरात नीट बसून हिशेब करा.

मेडिकल, डेंटल, नर्सिंग, विधी आणि बी.एड.चे नियम त्यांच्या त्यांच्या राष्ट्रीय परिषदांचे किंवा आयोगांचे असतात. तिथे या लेखावर जाऊ नका, थेट त्यांचा नियम वाचा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जाऊन बघा

वेबसाइटवर सगळ्याच प्रयोगशाळा चकाचक असतात. तुम्ही मंगळवारी किंवा बुधवारी, अकराच्या सुमारास जा. तेव्हा तास चालू असायला हवेत. नोटीस बोर्डावरच्या तारखा बघा. ताजी वेळापत्रकं, गुणांच्या याद्या, कॅम्पस भरतीच्या नोटिसा लागलेल्या असतील तर कॉलेज चालू आहे. ग्रंथालयात विचारा की अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते. भाग ३ च्या दोन मुलांशी कॅन्टीनमध्ये बोला आणि थेट विचारा, 'प्रात्यक्षिकं होतात का? या विषयाला कायम शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावर?' खरी उत्तरं तिथेच मिळतात. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) श्रेणी बघायचीच, पण मूल्यांकनाचं साल वाचा. पाटीवरची श्रेणी जुनी असू शकते.

काही जागांना स्वतःचा इतिहास आहे, त्याचाही विचार करा. सांगलीत विश्रामबागचं विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. ज्याला मूलभूत विज्ञान किंवा भाषा मनापासून शिकायच्या आहेत त्याने ते एकदा बघावंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका'साठी ओळखलं जातं. घरची ओढाताण असलेल्या मुलाने प्रवेशाच्या वेळीच या योजनेबद्दल विचारावं. शेतात, ग्रंथालयात, ऑफिसात काम करून शिकलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या या जिल्ह्यात आहेत, त्यात कमीपणा कसलाही नाही.

नोकरी करत शिकायचं असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. रोज हजेरी जमत नसताना नियमित कॉलेजला नाव लावून ठेवण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त सरळ वाटतो.

सहावी पायरी: पैशाचा हिशेब

जुन्या कॉलेजात पुढच्या वर्षाची फी भरली असेल, तर ती परत मिळण्याचा हिशेब तारखेवर ठरतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेत टप्पे दिलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास पूर्ण फी, त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. काही वर्षी यूजीसीने याहून सैल तारखाही दिल्या आहेत, चालू वर्षाचं परिपत्रक बघा. मूळ गुणपत्रकं अडकवून ठेवायला त्याच सूचनेत मनाई आहे. कुणी अडवलीच, तर वाद न घालता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शिष्यवृत्तीचं महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर बघा. जुन्या कॉलेजातला अर्ज मंजूर आहे, परत पाठवलाय की कॉलेजच्याच लॉगिनला पडून आहे, हे दाखला काढण्याआधी तपासा. तो अर्ज पुढे पाठवणारा क्लार्क जुन्या कॉलेजातच बसतो, तिथून बाहेर पडल्यावर पाठपुरावा करणं जड जातं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. ती केंद्रीय प्रवेशफेरीतून झालेल्या प्रवेशाला जोडलेली आहे, त्यामुळे बदलीनंतर ती चालू राहते का हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्या.

सातवी पायरी: कागद, याच क्रमाने

अटीवरचं पत्र मिळालं की जुन्या कॉलेजात ना हरकतीचा अर्ज. मग ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, जिमखाना यांची नो ड्यूज. मग कॉलेज सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलत असेल तर त्यानंतर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज. स्थलांतर शेवटी, कारण ते निघालं की त्या विद्यापीठातली तुमची नोंदणी थांबते. त्याच सुमारास पात्रतेचा फॉर्म नव्या कॉलेजमार्फत भरायचा. आधी तात्पुरती पात्रता मिळते, मूळ कागद पडताळल्यावर अंतिम. हा फॉर्म अर्धवट राहिला तर परीक्षा देऊनही निकाल राखून ठेवतात.

दाखला हातात पडला की तिथेच, खिडकीसमोर वाचा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी, जन्मतारीख, जात, आणि शेवटी उत्तीर्ण झालेलं वर्ष. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, साताऱ्याला आल्यावर त्यासाठी परत पुणे गाठावं लागतं. जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, मधलं वर्ष सुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्याच्या तीन-तीन साक्षांकित झेरॉक्स एका फाइलला लावा. मूळ दाखला कुठेही देण्याआधी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आठवी पायरी: येणं-जाणं आणि राहणं

घरून जायचं असेल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, त्यात ६६.६७ टक्के सवलत असते. त्यासाठी कॉलेजचं बोनाफाइड लागतं. पास काढण्याआधी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते स्टँडवर जाऊन विचारा, कारण प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत चालतात. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सातारा स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे. सांगलीकडे विश्रामबागला स्टेशन आहे, मिरजेकडून येणाऱ्याला ते सोयीचं पडतं.

सांगलीत खोली किंवा कॉट बेसिसवर जागा बघताना घरमालकांना एक प्रश्न विचाराच: '२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?' आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी त्याच्या बरीच वर गेली आणि गावभागातली घरं पाण्यात होती. सत्राची सुरुवात आणि पावसाळा एकाच वेळी येतात. तळमजल्यावर पुस्तकं, प्रमाणपत्रं आणि लॅपटॉप ठेवून राहणार असाल तर हे माहीत हवं. साताऱ्यात पुराची भीती नाही, चढ-उताराचा त्रास आहे. पोवई नाक्यापासून कॉलेज किती लांब ते चालून बघा आणि मग डिपॉझिट द्या.

प्रवेश झाल्यावर पहिले पंधरा दिवस

अकॅडेमिक बँकेच्या खात्यावर जुने क्रेडिट दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर जुन्या विद्यापीठाने ते चढवलेले नाहीत, त्याला मेल करा. नवा पीआरएन मिळाला की महाडीबीटीवर, बँकेत आणि शैक्षणिक कर्ज असेल तर कर्जखात्यावर नवं कॉलेज कळवा. समकक्षतेत काही जादा विषय करायला सांगितले असतील तर त्यांची यादी परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्यासह घ्या आणि फाइलला लावा, कारण परीक्षा फॉर्म ऑनलाइन भरताना ते विषय आपोआप दिसत नाहीत, कॉलेजला सांगून जोडून घ्यावे लागतात. तासांना पहिल्या दिवसापासून बसा. ऑगस्टमध्ये आलेल्याचीही हजेरी सत्राच्या सुरुवातीपासून मोजली जाऊ शकते. उशिरा प्रवेश झाल्याचं पत्र वर्गशिक्षकांना आणि परीक्षा विभागाला, दोन्हीकडे देऊन ठेवा.